स्वयंपाकघर कोणाचें?

घराच्या दुरुस्तीचा बेत निघाला कीं विचार दिवाणखान्याचा आधीं होतो, आणि स्वयंपाकघर उरल्या पैशांत उरकलें जातें. हा प्रश्न केवळ हिशेबाचा नसून न्यायाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

१९२६ सालीं मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद विदुषीनें जर्मनींतील फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठीं स्वयंपाकघर आंखलें. रुंदी सुमारें १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, हेलपाटे टळावेत म्हणून ओटा, मोरी, फडताळें, सारें हाताशीं. अशीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं. स्त्रीचे श्रम व वेळ वांचावा, हा हेतु उदात्त होता. परंतु त्या चिंचोळ्या जागेंत काम करावयास दुसरें माणूस मावेना. ज्या गृहिणीची सोय पाहिली, तीच तेथें एकटी पडली. भिंती अशा रीतीनें कामाची वांटणीहि ठरवून टाकतात.

म्हणून फरशीचा रंग निवडण्यापूर्वीं एवढेंच पाहावें: येथें दोघांना उभें राहतां येईल काय? जेथें पुरुषाला भाजी चिरावयास जागाच ठेविली नाहीं, तेथें समतेच्या गोष्टी दिवाणखान्यांतच राहावयाच्या. जागा केल्यानें तो येईलच असें नाहीं; पण न येण्याची सबब तरी उरणार नाहीं.