वानप्रस्थ आणि मुदतीचा परवाना

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने घर केव्हा सोडावे याची खूण सांगितली आहे: अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले, की त्याने अरण्याची वाट धरावी. या आज्ञेत वयाचा आकडा नाही, द्रव्याची अट नाही, आणि ज्या अरण्यात जावयाचे तेथे राहू देण्याचा अखत्यार कोणाचा, हा प्रश्नही तेथे उपस्थित होत नाही. आज मुलेबाळे मार्गी लावून, नोकरीतून मोकळा होऊन, उरलेले आयुष्य परदेशी घालवावे असे जो मनुष्य मनात आणतो, त्याला मात्र नेमक्या याच तीन गोष्टींची लेखी उत्तरे सर्वांआधी द्यावी लागतात. आणि अनेक देशांचे परवाने समोर मांडून त्यांतला एक निवडताना, आपण खर्च आणि हवामान यांचीच तुलना करीत आहोत की आपल्या अखेरच्या आश्रमाचे स्वरूप ठरवीत आहोत, हे त्याच्या बहुधा ध्यानात येत नाही.

थायलंडचेच उदाहरण घेऊ, कारण वार्धक्यासाठी परकीय जे देश पसंत करतात त्यांत त्याचे नाव बरेच वर आहे. तेथे निवृत्त म्हणून राहण्यासाठी वयाची 50 वर्षे पूर्ण असावी लागतात. शिवाय तेथील बँकेत स्वतःच्या नावावर 8 लाख थाई बात ठेव, किंवा दरमहा 65 हजार बात उत्पन्न दाखवावे लागते. ही ठेव अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने अबाधित राहिली पाहिजे, पुढेही ती 4 लाखांच्या खाली जाता कामा नये, आणि एवढ्या सव्यापसव्यानंतर पदरी पडतो तो एका वर्षाचा रहिवास. दर 90 दिवसांनी आपला पत्ता सरकारदप्तरी कळवावा लागतो. पुनःप्रवेशाची परवानगी न घेता सीमा ओलांडली, तर उरलेली मुदत तत्क्षणी संपुष्टात येते. चिआंग माईच्या इमिग्रेशन कचेरीत आयुष्यभर अधिकारपदे भोगलेला सत्तरीचा गृहस्थ बँकेचे पत्र आणि त्याच दिवशी नोंद करून घेतलेले पासबुक मेजावर ठेवतो, समोरच्या तरुण अधिकाऱ्याचे बोट शेवटच्या ओळीतील शिलकेवर जाऊन थांबते, आणि ते बोट पुढे सरकेपर्यंत त्या वृद्धाचे वर्षभराचे भवितव्य अधांतरी असते. आपल्याकडील निवृत्तिवेतनधारक दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. तेथे हयातीबरोबर ऐपतही दरवर्षी सिद्ध करावी लागते.

यात अन्याय आहे काय? मला तसे वाटत नाही. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने 1795 साली चिरंतन शांततेवर लिहिलेल्या निबंधात याच प्रश्नाचा निकाल केला आहे. पृथ्वी गोल आणि मर्यादित असल्यामुळे माणसांना एकमेकांपासून अनंत दूर जाता येत नाही, म्हणून परक्या भूमीवर आलेल्या कोणालाही, तो शांततेने वागत असेल तोवर, शत्रूसारखे न वागविले जाण्याचा हक्क आहे. परंतु हा हक्क भेटीस येण्याचा आहे, पाहुणा म्हणून राहण्याचा नव्हे, आणि राहावयाचे तर त्यासाठी निराळा करार झाला पाहिजे, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. वार्धक्याचा परवाना हा तोच करार होय. म्हाताऱ्याचे आजारपण अखेर कोणाच्या तरी तिजोरीवर पडते, आणि यजमान देशाने त्याची हमी आगाऊ मागितली तर त्यात त्याचा लोभ पाहणे उचित नाही.

माझे मन अडते ते दुसऱ्या एका अटीपाशी. या परवान्यावर राहणाऱ्याला तेथे नोकरी करता येत नाही. म्हणजे त्याने खर्च करावा, आपले कसब कोणाच्या उपयोगी पाडण्याची वाट मात्र त्याला जवळजवळ बंद असावी, अशी ही योजना आहे. याउलट स्मृतीतला वानप्रस्थ पाहावा. तो घर सोडतो, पण आपला अग्नी बरोबर नेतो. आणि अरण्यातील त्याच्या पर्णकुटीपाशी जो कोणी येईल त्याचे पाणी, कंदमुळे आणि फळे देऊन स्वागत करण्याचे कर्तव्य त्याच्यावर तेथेही आहेच. सर्व काही सोडलेला हा मनुष्य यजमान उरतो, आणि सर्व काही बरोबर नेलेला आजचा निवृत्त मरेपर्यंत पाहुणा राहतो. हा भेद मला फार गंभीर वाटतो, कारण केवळ घेत राहण्याने मनुष्य आतून क्षीण होतो अशी माझी श्रद्धा आहे.

सुदैवाने त्या देशाच्या धर्माने, कायद्याला जे देता आले नाही, ते देऊ केले आहे. चिआंग माईत पहाटे भिक्षू अनवाणी भिक्षेला निघतात. रस्त्याच्या कडेला पादत्राणे काढून उभा असलेला दाता पात्रात भात आणि भाजी घालतो, भिक्षू पाली भाषेत आशीर्वचन म्हणतात, दाता हात जोडून ते ऐकतो आणि ते पुढच्या दाराकडे वळतात. दाता कोणत्या देशाचा, त्याची मुदत किती उरली, हे तेथे कोणी विचारीत नाही.

तेव्हा परवान्यांची निवड करताना, मी या देशाला काय देऊ शकेन, ही कसोटी लावावी असे मला वाटते. थायलंडने 2022 पासून सधन निवृत्तांसाठी 10 वर्षांचा परवाना खुला केला असून त्याच्या एका प्रकारात वर्षाला 80 हजार अमेरिकी डॉलरांचे उत्पन्न दाखवावे लागते. सोय मोठी, पण तिने पाहुणेपण केवळ लांबते, पालटत नाही. पोर्तुगालची रीत निराळी. तेथे स्थिर उत्पन्नाच्या आधारे प्रवेश मिळालेल्याला पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर कायम रहिवासासाठी अर्ज करता येतो, आणि त्या वेळी पोर्तुगीज भाषेचे प्राथमिक ज्ञान सिद्ध करावे लागते. साठीनंतर नवी क्रियापदे पाठ करणे अनेकांना जाचक वाटेल. मला मात्र ही अट ठेवीच्या अटीपेक्षा कितीतरी सन्मानाची वाटते, कारण जो देश आपली भाषा शीक म्हणतो तो, तुझ्याशी बोलावयाचे आहे, असेही सांगत असतो. ज्याला कोठेच रुजावयाचे नाही, ज्याने जाण्याची तयारी मनाने खरोखर केली आहे, त्याने वर्षाचा परवाना खुशाल घ्यावा. दरवर्षी संपणारी मुदत अशा माणसाला सोसवते.

परंतु हे सारे एकट्याच्या अर्जाविषयी झाले, आणि बहुतेक अर्जांत एक दुसरे नाव असते. पन्नाशी न गाठलेली, किंवा वेगळी ठेव नसलेली पत्नी थायलंडात पतीची आश्रित म्हणून राहते. तिचा रहिवास त्याच्या रहिवासावर टेकलेला असतो, आणि त्याच्या मृत्यूबरोबर तो आधार नाहीसा होतो. ठेव त्याच्या एकट्याच्या नावावर, म्हणून न्यायालयाने मालमत्तेचा व्यवस्थापक नेमेपर्यंत तीही सामान्यतः तिच्या हाती लागत नाही. स्मृतीने वानप्रस्थाला मोकळीक दिली होती ती पत्नीला पुत्रांच्या हवाली करण्याची किंवा तिला बरोबर नेण्याची; बरोबर नेऊन परक्या भूमीवर निराधार सोडण्याची मोकळीक कोणत्याच धर्माने दिलेली नाही. म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वी दोघांची ठेव वेगळी, परवाना वेगळा आणि त्या देशाच्या कायद्यानुसार केलेले मृत्युपत्र, एवढी तजवीज पतीने करावी. आणि दोन ठेवींइतके द्रव्य गाठीशी नसेल, तर तो देश कितीही मनात भरला असला तरी दुसरा शोधावा.