पडझड आणि डागडुजी

माणसाला पडकं बघायला फार आवडतं. नवं घर दाखवा, तो 'छान आहे हो' म्हणून चहाची वाट बघत बसेल. पण एखादी भिंत कोसळू द्या, अख्खी आळी बघायला लोटते!

आमच्या डोंगरीत पाहुणा आला, की त्याला जवळच्या चौक गावात नेऊन खाडीपलीकडचा वसईचा किल्ला दाखवायचा, हा रिवाजच आहे. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची ती राजधानी. 1618 च्या मे महिन्यात वादळानं तिची दाणादाण उडवली, चर्चांची छपरं उडाली. तरी शहर सावरलं आणि पुढे एकशेवीस वर्षं नांदलं. मग 1739 साली चिमाजी आप्पांनी ते जिंकलं. पाहुण्यांना 1739 तोंडपाठ असतं. 1618 नंतर छपरं घातली कुणी, हे मात्र एकानंही विचारलेलं नाही.

खोड वसईपुरती नाही. पोर्तुगीजांची खुद्द राजधानी लिस्बन 1 नोव्हेंबर 1755 रोजी भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग अशा तिघांनी मिळून उद्ध्वस्त केली. दिवस सर्व संतांच्या सणाचा, माणसं प्रार्थनेला जमलेली. देवानं असं का करावं, यावर युरोपातले पंडित हमरीतुमरीवर आले. व्हॉल्तेरनं तर कविताच लिहिली. पुढे पोम्बालचा मार्क्विस झालेल्या मंत्र्यानं मात्र सरळ रस्ते आखायला घेतले. नव्या इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसवले, म्हणजे जमीन हलली तरी घर पडू नये. आज प्रवाशाचा कॅमेरा आधी कुठे वळतो? छप्पर नसलेल्या कार्मो चर्चकडे! भिंतीतलं लाकूड बिचारं दिसतच नाही.

पडकं बघणं पाप आहे असं मी म्हणत नाही. पण 'पडलं का?' या प्रश्नाला पंडितांनाही उत्तर सापडलं नाही. 'उभं कुणी केलं?' याला उत्तर होतं. गवंडी होते, सुतार होते, फक्त त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आपण तरी काय करतो? पावसाळ्याआधी कौलं शाकारणाऱ्याशी दोन रुपयांवरून घासाघीस करतो. यंदा घर गळलं नाही, म्हणून त्याच्या दारी पेढे घेऊन कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा पडकी शहरं बघा, जरूर बघा. पण उरलेलं उभं कसं राहिलं, हेही एकदा विचारा. उत्तर देणारा बहुधा शिडीवर सापडेल.