उरलेला दम

विजेच्या सायकलीवरून एखादे गृहस्थ चढ चढून वर आले, की पाहणाऱ्यांपैकी एकजण तरी म्हणतोच, “मोटर आहे होय! मग यात तुमचं काय?” प्रश्न खवचट खरा, पण पोकळ नाही. पुण्यासारख्या गावात तो अधिकच झोंबतो. एके काळी सायकलींचे गाव म्हणून पुण्याची ख्याती होती. कारकून, प्राध्यापक, पोस्टमन, कॉलेजच्या मुली, सारे सायकलवर. आणि डबलसीट किंवा बिनदिव्याची सायकल हा पोलिसांशी ओळख होण्याचा राजमार्ग. पुढे स्कूटरी आल्या, मोटारसायकली आल्या आणि सायकल जिन्याखाली गेली. आता ती पुन्हा बाहेर येत आहे, पण दोन रूपांनी: एक जुनीच, निव्वळ पायांवर चालणारी, दुसरी बॅटरी आणि मोटर बाळगणारी. काही घरांतून दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या असतात. आमच्या घरी आहेत. सकाळी बाहेर पडताना हात कोणत्या हँडलवर पडावा, हा प्रश्न दिसायला किरकोळ. पण माणसाने मदत कोणत्या कामी घ्यावी, किती घ्यावी आणि घेतल्यावर आपले असे काय उरते, हा फार जुना प्रश्न त्याच्या पोटात दडला आहे. आणि तो फराळाच्या ताटाभोवती बसून बोलण्याजोगा आहे.

प्रथम त्या खवचट प्रश्नाचाच समाचार घेऊ. ‘निव्वळ आपले’ असे सायकलीच्या बाबतीत कधी काही होते काय? साधी सायकल हेही यंत्रच. जवळजवळ सारखी दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, ही आजची घडण जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली रूढ केली. हवेचा टायर डनलपने १८८८ साली आणला. चालणाऱ्या माणसाने सायकलवाल्याला विचारावे, ‘चाकं आहेत होय! मग यात तुमचं काय?’ तर तो काय उत्तर देणार? शिवाय विजेची सायकलही काल-परवाची नाही. ऑग्डेन बोल्टन नावाच्या अमेरिकनाने १८९५ सालीच एका विजेच्या सायकलीचे पेटंट घेतले होते. पायांच्या जोराला मोटरीची जोड देणारी सायकल यामाहा कंपनीने १९९३ साली जपानात विकायला काढली आणि तेव्हापासून हे प्रकरण रुळत गेले.

तूर द फ्रान्स ही सायकलींची जगप्रसिद्ध शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज हे या बाबतीत मोठे कर्मठ. शर्यत १९०३ साली सुरू झाली. पण चालत्या सायकलवर साखळी एका चक्रीवरून दुसरीवर टाकणारा गिअर वापरण्याची मुभा तीत मिळाली ती १९३७ साली. असला गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावा, असे या गृहस्थांचे मत. बिचारे स्पर्धक आल्प्सच्या आणि पिरेनीजच्या घाटांत चढ आला की खाली उतरत, मागचे चाक सोडवून उलटे बसवत, पलीकडच्या मोठ्या चक्रीवर साखळी चढवत आणि पुन्हा टांग मारून निघत. आज गिअर वापरणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. सोवळ्याची रेघ अशी सरकत असते. मात्र रेघ सरकते म्हणून ती मुळी नसतेच, असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. गिअर तुमच्या बळात भर घालत नाही; तुमचेच बळ सावकाश, पुरवून-पुरवून खर्च करू देतो. मोटर परके बळ आणते. हा फरक गिळून टाकता येणार नाही.

हे परके बळ केवढे, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. साधारण प्रकृतीचा माणूस तासभर एकसारखे पायडल मारीत राहिला, तर पाऊणशे ते शंभर वॉट शक्ती देऊ शकतो. मुरलेला शर्यतपटू याच्या कितीतरी पुढे जातो, पण तो आपला विषय नाही. छत्तीस व्होल्ट आणि दहा अँपिअर-तास अशी मध्यम प्रतीची बॅटरी घेतली तर तीत ३६० वॉट-तास साठतात. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याची साडेतीन तासांहून अधिक मेहनत त्या डब्यात बंद असते. घरच्या मीटरवर ती किती नोंदली जाते? अर्ध्या युनिटाच्या आसपास. हॉटेलातल्या एका चहाच्या किमतीत ती येते आणि वर काही सुटे पैसे उरतात. हा आकडा मी प्रथम मांडला तेव्हा मला आनंद झाला नाही. साडेतीन तासांचा घाम आणि त्याचे मोल एवढेच! ज्या शरीरश्रमाला गांधीजींच्या आश्रमात एकादश व्रतांत स्थान मिळाले, तो वीज कंपनीच्या बिलावर असा कवडीमोल ठरावा! परंतु या हिशेबाने एक गोष्ट पक्की झाली. साध्या सायकलवर जो आजही हौसेने बसतो, तो शक्ती स्वस्त पडते म्हणून बसत नाही. त्या बाजारात पाय केव्हाच हरले आहेत. त्याला दुसरे काही तरी मिळत असले पाहिजे.

ते दुसरे म्हणजे, मला वाटते, रस्त्याची आणि स्वतःची खरी ओळख. स्वारगेटहून कात्रजकडे जाणारा रस्ता मोटारीतल्या माणसाला सपाट भासतो. सायकलवाल्याच्या मांड्यांना विचारा. डेक्कनकडून कोथरूडकडे जाताना कर्वे रस्ता कसा नकळत वर सरकतो, समोरून वारा असला म्हणजे एका किलोमीटरचे दोन कसे होतात, काल रात्रीच्या जागरणाची पावती पाय सकाळी कशी देतात, हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. आपण आज किती आहोत, हे साधी सायकल रोज सांगते, आणि तोंडावर सांगते. विजेची सायकल या बाबतीत घरातल्या लाघवी माणसासारखी. ती खोटे बोलत नाही, पण अप्रिय तेवढे गाळून सांगते.

मात्र विजेची सायकल म्हणजे एकच वस्तू, असेही समजू नये. मदत करण्याच्या तिच्या तीन तऱ्हा आहेत आणि तिन्हींचे स्वभाव निराळे. पहिलीत हँडलाची मूठ पिळली की झाले. पाय नुसते ठेवून द्यायचे. दुसरीतला एक लहानसा संवेदक पायडल फिरते आहे की नाही, एवढेच पाहतो. जोर लावा अगर लावू नका, पाय हलले की मोटर धावून येते. तिसरीतला संवेदक पायडलवर जोर किती पडतो ते मोजतो आणि त्या प्रमाणात भर घालतो. तुम्ही थोडे द्या, ती थोडे देईल. तुम्ही अधिक द्या, ती अधिक देईल. माणसांतही या तीन जाती आपण पाहतोच. एक काका असे असतात, की पुतण्याने तोंड उघडण्याच्या आत पैसे काढून देतात. दुसऱ्यांना पोरगा टेबलाशी पुस्तक उघडून बसलेला दिसला की पुरे. तो वाचतो की पेंगतो याची चौकशी नाही. तिसरे म्हणतात, “निम्मी फी तू जमव, निम्मी मी भरतो.” या तिसऱ्या काकांची मदत आपल्याला सर्वांत भारदस्त वाटते, आणि माझ्या पायांसाठी मीही तीच पसंत करतो. पण तिच्यातही एक काटा आहे. ज्याला जोर लावता येतो त्यालाच ती भरभरून देते. ज्याचा गुडघा धरला आहे, ज्याच्या पायांत मुळातच त्राण नाही, त्याच्या वाट्याला बेताचेच येते. त्या माणसाच्या दृष्टीने पहिले काकाच खरे दयाळू. तेव्हा मदतीची प्रत ठरवताना घेणारा कोण, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

आपल्या कायद्यानेही या मदतीला कुंपण घातले आहे, हे जाता-जाता सांगायला हवे. मोटर पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरांच्या आत असला, व आणखी काही अटी पाळल्या, तर असल्या वाहनाला मोटार-वाहन मानले जात नाही. त्यापुढे गेलात की तुम्ही सायकलवाले उरला नाहीत, असे सरकारचे म्हणणे. सरकारच्या सगळ्याच म्हणण्यात इतके तारतम्य आढळत नाही.

येथे पुन्हा गांधीजींकडे वळावे लागते. ते यंत्राचे वैरी होते, असा एक ढोबळ समज आहे. १९२४ साली शांतिनिकेतनातल्या रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांना याविषयी छेडले, तेव्हा शरीर हेच मुळी एक नाजूक यंत्र आहे आणि चरखाही यंत्रच आहे, असे सांगून आपला विरोध यंत्राच्या हव्यासाला आहे, असा खुलासा त्यांनी केला. सिंगरच्या शिवणयंत्राला तर त्यांनी खास सूट दिली. कारण काय, तर टाके घालता-घालता बायको शिणते हे पाहवेना म्हणून सिंगरने ते यंत्र केले. त्यामागे प्रेम होते. (सिंगरचे खाजगी चरित्र वाचलेला माणूस पत्नीप्रेमाचा दाखला म्हणून त्याचे नाव सहसा घेणार नाही, पण दृष्टांताला इतिहासाची एवढी सक्ती नको.) कसोटी मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. यंत्र आणले ते कोणाचा शीण पाहून?

या कसोटीवर विजेची सायकल एका ठिकाणी फार सरस उतरते, ते म्हणजे सोबत. साध्या सायकलींवर असमान बळाची दोन माणसे निघाली की काय होते? बळकट पुढे जातो, वळणावर थांबतो, मागचा धापा टाकीत येऊन पोचतो, आणि तो पोचताच विसावा घेऊन ताजातवाना झालेला पुढचा म्हणतो, “चला!” ज्याला विसाव्याची गरज त्याला तो कधीच मिळत नाही. किती नवरा-बायकोंचे, किती बाप-लेकींचे एकत्र फिरणे या एका ‘चला’ने संपले असेल! माझी पत्नी आणि मी आता खडकवासल्याच्या धरणापर्यंत जातो, ते ती विजेच्या आणि मी साध्या सायकलवर. बळातला फरक मोटर भरून काढते आणि बोलणे मध्येच तुटत नाही. “अहो, दम लागला तर सांगा हं, मी हळू घेते,” असे ती म्हणते, तेव्हा हे वाक्य तीस वर्षे कोण कोणाला म्हणत होते, ते मला आठवते. तिलाही आठवत असावे. ती जरा जास्तच गोड आवाजात म्हणते.

दुसऱ्या ठिकाणी गोष्ट इतकी गोड नाही. दोन सायकलींचा समतोल कसा साधावा, ही दोन सायकली परवडणाऱ्यांची चर्चा आहे. पहाटे दुधाच्या पिशव्या टाकणारा पोरगा, रात्रपाळीत आठ तास यंत्राशी उभा राहून घरी निघालेला कामगार, यांना ‘स्वतःचे बळ ओळखा’ असे सांगणे हा उद्धटपणा होईल. त्यांचे बळ दिवसभर दुसऱ्यांनीच मोजलेले असते. त्यांना मोटर मिळाली तर चांगलेच झाले. पण इथे एक चोरवाट आहे. घरोघर जेवण पोचवणारी मुले आज शहराशहरांतून विजेच्या गाड्यांवर फिरताना दिसतात. पायांचा शीण गेला, ठीक. मग दहा फेऱ्यांच्या जागी पंधरा फेऱ्यांची अपेक्षा होऊ लागली, तर तो उरलेला दम कोणाच्या खात्यावर जमा झाला? मुलाच्या की मालकाच्या? गिरणीच्या भोंग्याच्या काळापासून विचारला जाणारा हा प्रश्न आता सायकलीच्या बॅटरीतही शिरला आहे.

आणि तो स्वतःलाही विचारता येतो. चढावर मोटरीने माझा दम राखला; त्याचे मी पुढे काय केले? त्या बळावर मंडईतून भाजीची जड पिशवी आणली, कोथरूडच्या म्हाताऱ्या मावशीकडे तासभर बसलो, घामाघूम न होता कामाला लागलो, तर मोटरीचे उपकार मी आनंदाने मान्य करीन. आठ मिनिटे आधी घरी पोचून ती आठ मिनिटे मोबाइल पाहण्यात गेली असतील, तर पायांना फुकट घरी बसवले म्हणायचे.

वारीने या पेचावर फार शहाणा तोडगा काढला आहे. दिंडीतले वारकरी पंढरपूरपर्यंत पायी जातात. पण त्यांच्या वळकट्या, तंबू, स्वयंपाकाची भांडी ट्रकमधून पुढच्या मुक्कामी रवाना होतात. तेवढ्याने वारी बाटली असे कोणी म्हणत नाही. ओझे दिले, चालणे दिले नाही. काय सोपवले म्हणजे गोष्ट हलकी होते आणि काय सोपवले म्हणजे ती गोष्टच हातातून जाते, हे त्या साध्या माणसांना पक्के ठाऊक असते. ज्याचे पायच चालत नाहीत तो एस.टी.ने जातो, विठोबा त्याला दर्शनाच्या रांगेत मागे ढकलतो, असे ऐकिवात नाही.

म्हणून ‘तीन दिवस ही, तीन दिवस ती’ असली वाटणी मला पटत नाही. सायकलवरचा तोल हा तराजूच्या पारड्यांचा तोल नसतोच. हँडल क्षणोक्षणी किंचित इकडे, किंचित तिकडे वळवीत तो साधावा लागतो. पोचायचे असेल, ऊन असेल, सामान असेल, सोबत कोणी असेल, तेव्हा मी विजेची काढतो. कोठेच पोचायचे नसेल तेव्हा साधी. यात वय दरसाल थोडी ढवळाढवळ करते. ज्या चढाला गेल्या वर्षी साधी पुरली त्याला पुढच्या वर्षी पुरेलच असे नाही, आणि पुरली नाही तर मोटर घ्यायला लाजण्याचे कारण नाही. पण त्या दिवसाच्या धास्तीने आजच पाय काढून घेणे मला उतावळेपणाचे वाटते.

दोघींनाही पडून राहणे सोसत नाही, एवढे मात्र अनुभवाने सांगतो. साध्या सायकलीच्या ट्यूबमधली हवा आपोआप उतरते, साखळीवर गंज चढतो. विजेच्या सायकलीची बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी अशी महिनोन् महिने ठेवली तर तिचे आयुष्य घटते. ठेवायचीच झाली तर निम्मी भरून ठेवावी. दिवाळीच्या साफसफाईत दोघींना जिन्याखालून काढून गॅलरीत न्यावे लागते. साधी मी एकटा उचलतो. विजेचीसाठी खालच्या मजल्यावरच्या मुलाला हाक मारतो, आणि तो आला की चकली खाऊन जातो.