तीन सॅक

नाशिकची तीन भावंडं डिसेंबरात रतनगडावरून हरिश्चंद्रगडाला चालत जायला निघाली. वाट तीन दिवसांची. रतनवाडीहून रतनगड, मग कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. आदल्या रात्री तिघांनी आपापल्या खोलीत आपापली सॅक भरली.

दादाला प्रत्येक वस्तूपाशी एकच प्रश्न पडे, ‘लागलं तर?’ म्हणून त्याने पाच दिवसांची कणीक, तेलाचा डबा, मोठं पातेलं, जादा बूट असं सगळं कोंबलं. धाकट्याचं म्हणणं, ‘कुणाकडे तरी असेलच.’ कॉलेजच्या पिशवीत एक चादर आणि पाण्याची छोटी बाटली टाकून तो मोकळा झाला. टॉर्चही घेतली नाही. ताईने स्लीपिंग बॅग तळाशी ठेवली, जड शिधा मधोमध पाठीलगत, औषधं आणि टॉर्च वर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही बाजूंना. सॅक पाठीवर घेऊन जिना चढून पाहिला आणि दोन वस्तू काढून ठेवल्या.

रतनवाडीच्या मंदिरात अमृतेश्वराचं दर्शन घेऊन तिघं गडाकडे निघाली. गावातलेच एक मामा वाट दाखवायला पुढे होते. गडाच्या लोखंडी शिड्यांवर दादाला त्याची सॅक मागे खेचू लागली. ताईने कणीक आणि तेलाचा डबा आपल्याकडे घेतला. दुपारी धाकट्याची बाटली संपली, ताईने आपलं पाणी दिलं. रात्री गुहेत तो थंडीने कुडकुडू लागला, तेव्हा तिने आपली स्लीपिंग बॅग त्याला दिली आणि त्याची चादर पांघरून कशीबशी रात्र काढली. सकाळी टाक्यातलं पाणी दोन बाटल्यांत भरलं. त्या धाकट्याच्या पिशवीत मावेनात, म्हणून त्याही तिच्याच सॅकमध्ये गेल्या.

कात्राबाईच्या चढावर घसाऱ्यात ताईचा पाय सरकला आणि घोटा मुरगळला.

मामांनी घोट्याला पट्टी बांधून दिली आणि तिची सॅक वाटेवर रिकामी केली. दादाची कणीक, तेलाचा डबा, धाकट्याच्या बाटल्या बाहेर निघाल्या.

“पाठी तीन हायेत,” मामा म्हणाले, “मग सारं ओझं एकीवरच कसं?”

“मी तर सगळ्यांसाठीच जास्त घेतलं होतं, मामा,” दादा म्हणाला.

“आणि माझा कुणाला भार नको, म्हणून मी हलका आलो,” धाकटा पुटपुटला.

“जादा घेतलेलं उचलवंना झालं, की सोबत्याच्या पाठीवर जातंय,” मामा म्हणाले. “आन् कमी घेतलेलंबी तिथंच जातंय.”

दोघा भावांनी ताईचं सगळं सामान वाटून घेतलं. तिला आधार देत चौघं कशीबशी कुमशेतला उतरली. हरिश्चंद्रगड राहिला.

घोटा बरा झाल्यावर तिघांनी पुन्हा बेत आखला. या वेळी सगळं सामान एकाच सतरंजीवर मांडलं. पातेलं एक, स्टोव्ह एक, औषधांचा डबा एक. कणीक तीनच दिवसांची, वर एका वेळची राखीव. पाणी, टॉर्च आणि अंथरूण-पांघरूण मात्र ज्याचं त्याने घ्यायचं. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जड होऊ द्यायची नाही, हेही ठरलं. शेवटी प्रत्येकाने दुसऱ्याची सॅक खांद्यावर घेऊन पाहिली आणि मगच बंद बांधले. तिसऱ्या दिवशी तिघं हरिश्चंद्रगडावर पोचली, आपापलं ओझं आपल्याच पाठीवर घेऊन.

बोध : भीतीपोटी घेतलेलं जादा आणि बेफिकिरीने सोडलेलं गरजेचं, दोन्हींचा भार शेवटी सोबत्यालाच वाहावा लागतो. म्हणून बरोबर जायचं असेल, तर सामान बरोबर बसूनच भरावं.