पावती आधी, गाडी मागून

कोल्हापुरात एक सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन मजले, पंचवीसेक माणसं आणि खाली चहाची टपरी. माल एकच: साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं आणि ऊसबिलाचं सॉफ्टवेअर. गाडी आली, भरलेल्या गाडीचं वजन घेतलं, ऊस गव्हाणीत पडला, रिकाम्या गाडीचं वजन घेतलं, वजाबाकी करून पावती छापली. ऐकायला सोपं. पण ही वजाबाकी चुकली तर ऊसपट्ट्यात तिला सॉफ्टवेअरची चूक कुणी म्हणत नाही, काटामारी म्हणतात.

कंपनीचं कॅलेंडरही कारखान्यांच्या मागून चाले. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, दिवाळीच्या आगेमागे मोळी पडते, आणि एकदा गाळप सुरू झालं की कुठलाच कारखाना काट्याच्या कॉम्प्युटरला हात लावू देत नाही. त्यामुळे नवं रिलीज दसऱ्याआधी गेलं तर गेलं, नाहीतर पुढच्या वर्षी.

तक्रारी आणि कामं जिरा या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवली जात, प्रत्येकाचं एक तिकीट. कुठलं काम कुठल्या रिलीजमध्ये गेलं हे कळावं म्हणून तिकिटाला लेबल लावायची पद्धत होती. आता जिराचं लेबल म्हणजे मोकळं कुरण. मधे जागा सोडता येत नाही, एवढंच काय ते बंधन. बाकी जो जसं टाइप करील तसं नवं लेबल तयार होतं. सहा-चार या एका रिलीजसाठी कुणी ‘६.४’ लावलं होतं, कुणी ‘व्ही६.४’, कुणी ‘दसरा’, आणि एका महाभागानं ‘फायनल-फायनल’. यादी काढायला बसलं की एका लेबलखाली सतरा तिकिटं सापडायची, दुसऱ्याखाली नऊ, आणि उरलेली ज्याची त्याला आठवायची.

मग पुण्याहून नवा मॅनेजर आला. हुशार होता, कामसू होता. त्यानं पहिल्याच आठवड्यात लेबलांचा हा बाजार उठवला आणि सगळ्यांना फिक्स व्हर्जनचा रकाना वापरायला लावला. त्यात मनाला येईल ते टाइप करता येत नाही. रिलीजची नावं प्रोजेक्टचा अॅडमिन तयार करतो आणि बाकीच्यांनी यादीतून निवडायचं. शेजारी अफेक्ट्स व्हर्जन नावाचा दुसरा रकाना असतो; चूक कुठल्या रिलीजमध्ये सापडली ते त्यात लिहायचं. इथपर्यंत त्याचं सगळं बरोबर होतं, आणि हे आवर्जून सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते आळशी माणसाच्या हातून झालं नाही.

हंगामाची कामं ठरली त्याच दिवशी त्यानं अडतीसच्या अडतीस तिकिटांना फिक्स व्हर्जन ६.४ लावून टाकलं. भिंतीवरच्या स्क्रीनवर हिरवी पट्टी आली. काम बंद झालं की पट्टी पुढं सरके. मालक जिना चढून आले की आधी पट्टी बघत आणि मग चहा सांगत.

टेस्टिंगला एक जुन्या बाई होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. पूर्वी त्या स्वतः कारखान्यांवर जाऊन सॉफ्टवेअर बसवून देत, काट्याच्या केबिनमध्ये त्यांनी रात्री काढलेल्या होत्या. मीटिंगमध्ये त्यांनी एकदाच विचारलं, ‘‘सर, हे सहा-चार लावलंय, त्याचा अर्थ गेलं असा घ्यायचा, की जायचंय असा?’’

‘‘एकच की हो ताई,’’ मॅनेजर म्हणाला. ‘‘आज जायचंय. दसऱ्याला गेलेलं असेल.’’

सगळे हसले. ताईही हसल्या.

रिलीजच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी बिल्ड निघालं, म्हणजे कारखान्यांना जाणारा इन्स्टॉलर तयार झाला. डबल ट्रॉलीची चूक ज्याच्याकडे होती त्या पोरानं संध्याकाळी काम संपवलं, स्वतःच्या मशीनवर चालवून बघितलं, कोड मुख्य शाखेत टाकला आणि तिकीट बंद केलं. शुक्रवारी मॅनेजरनं जिरामध्ये ६.४ रिलीज केलं. जिरानं रीतसर विचारलं: इतकी तिकिटं अजून उघडी आहेत, त्यांचं काय करू? त्यानं ती ६.५ मध्ये ढकलली. बंद तिकिटांबद्दल जिरानं काहीच विचारलं नाही. का विचारावं? तिकीट बंद आहे की उघडं एवढंच त्याला दिसतं. कारखान्याला जाणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये खरोखर काय भरलंय, हे आपण सांगू तेवढंच त्याला माहीत. मग एक बटण दाबून रिलीज नोट तयार झाली, म्हणजे ज्यांच्यावर ६.४ लिहिलंय त्या तिकिटांची यादी, आणि ती सगळ्या कारखान्यांना मेलनं गेली. त्यात एक ओळ होती: डबल ट्रॉलीत दुसऱ्या ट्रॉलीला पहिलीचं रिकामं वजन लागणे: दुरुस्त.

ही चूक काय होती ते नीट सांगतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. काटा आखूड असेल तर त्या एकामागून एक चढवतात. परत येताना रिकाम्या ट्रॉल्यांचंही तसंच. सॉफ्टवेअर पहिल्या ट्रॉलीचं रिकामं वजन दुसरीलाही लावत होतं. पहिली ट्रॉली चार क्विंटलनं जड असली, तर दुसऱ्या ट्रॉलीतला चार क्विंटल ऊस कागदावरून गायब. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्रानं ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३४० रुपये होती. त्या हिशेबानं, तोडणी-वाहतूक वजा होण्याआधीचे १,३६० रुपये एका खेपेत गेले. (उलट झालं असतं, म्हणजे कारखान्याचा तोटा झाला असता, तर फोन फार लवकर आला असता.)

आता यातली खरी गंमत. एका कारखान्यावरच्या काटा क्लार्कला ही चूक मागच्या हंगामापासून माहीत होती. म्हणून तो दुसऱ्या ट्रॉलीची वेगळी खेप धरून, हातानं नोंद करत असे. वेळ जाई, ड्रायव्हर शिव्या घालत, पण वजन बरोबर येई. ६.४ ची नोट वाचली आणि त्यानं ते हाताचं काम बंद केलं. नोट आलीच नसती तर तिथल्या एकाही शेतकऱ्याचं वजन चुकलं नसतं.

गाळप सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या रात्री एक शेतकरी बाहेरच्या खासगी काट्यावर ट्रॉल्यांचं वजन करून आला. त्याच्या हातात दोन पावत्या. केबिनच्या खिडकीशी त्यानं दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. कारखान्याच्या पावतीवर चार क्विंटल कमी. मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर उतरून आले. कुणीतरी काटामारी हा शब्द उच्चारला आणि मग तो खाली पडला नाही.

क्लार्कनं कंपनीला फोन लावला. ‘‘साहेब, तुमच्या कागदावर दुरुस्त लिहिलंय, म्हणून मी हाताची नोंद बंद केली. आणि हितं तर तीच बोंब हाय.’’

मॅनेजरनं घरून जिरा उघडलं. तिकीट बंद. फिक्स व्हर्जन ६.४. हिरवी खूण. तो अगदी मनापासून म्हणाला, ‘‘तुमच्याकडे सहा-चार नीट बसलं नसेल. परत टाकून बघा.’’

रात्री दोन वाजता, गाड्यांची रांग गेटबाहेर गेलेली असताना, क्लार्कनं काटा थांबवून सॉफ्टवेअर परत टाकलं. वजन तेच आलं. तेव्हा त्यानं एक शहाणपण केलं: नोट घडी करून ड्रॉवरमध्ये टाकली आणि पुन्हा हातानं नोंदी सुरू केल्या.

सकाळी ताईंनी त्या पोराकडून कमिटचा, म्हणजे कोडमधल्या त्या बदलाचा, नंबर मागून घेतला. कोडचे बदल साठवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक रिलीजच्या वेळी कोडवर टॅग मारलेला असतो, आणि अमुक बदल कुठल्याकुठल्या टॅगमध्ये आहे हे ‘गिट टॅग’ला ‘कंटेन्स’ जोडून विचारता येतं. ताईंनी विचारलं. उत्तरादाखल काहीच आलं नाही, कर्सर नुसता खालच्या ओळीवर गेला. म्हणजे तो बदल आजवर एकाही रिलीजमध्ये गेला नव्हता.

‘‘तू तिकीट बंद कशाला केलंस?’’ मॅनेजर पोरावर घसरला.

‘‘माझं काम झालं होतं सर,’’ पोरगा म्हणाला. त्याचंही खरं होतं.

ताईंनी मग बाकीची तिकिटंही तपासायला घेतली. दुपारपर्यंत हिशेब लागला. आणखी तीन कामं अशीच निघाली: कागदावर गेलेली, प्रत्यक्षात घरीच. दोन तर उलटी निघाली. कोड ६.४ मध्ये गेला होता, पण टेस्टिंगचा शेरा पडायचा राहिल्यामुळे तिकिटं उघडी होती, म्हणून शुक्रवारी ६.५ मध्ये ढकलली गेली. म्हणजे कारखान्यांच्या काट्यावर दोन बदल चालू होते आणि त्यांचा कुणाला पत्ता नव्हता.

मॅनेजर डोकं धरून बसला. ताई म्हणाल्या, ‘‘सर, पोराला बोलू नका. गाडी काट्यावर चढायच्या आधीच आपण पावती फाडून ठेवली. अडतीसच्या अडतीस.’’

‘‘पण ताई, आधी लावलं नाही तर प्लॅनिंग कसं करायचं? काय पाठवायचंय ते कळायला नको?’’

‘‘कळायला पाहिजे की. त्याला वेगळा रकाना करा. जायचंय ते त्याच्यात लिहा, रोज बदला, खोडा, काय वाटेल ते करा. पण गेलंय हे लिहायचा रकाना गेल्याशिवाय कुणी भरायचा नाही.’’

या गोष्टीचा बोध एवढाच आहे, आणि तो ताईंनी सांगितल्यापेक्षा जास्त सोपा करून मला सांगता येणार नाही. ठरलेल्याची खूण आणि घडलेल्याची खूण एकाच जागी केली, की वाचणारा दोन्हीला घडलेलंच समजतो. समजणारच. काट्यावर बसलेल्या माणसाला आपला प्लॅन माहीत नसतो, त्याच्यापुढं फक्त नोट असते.

हे काही कोल्हापुरात पहिल्यांदा कुणाला सुचलं असं नाही. १९९८ साली मोझिलासाठी बगझिला हे चुकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बनलं. त्यात काम कधी करायचं ठरवलंय ते लिहायला टार्गेट माइलस्टोन हा स्वतंत्र रकाना आहे. काम झालं की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. डेबियन लिनक्सवाल्यांनी तर २००५ पासून चुकांच्या नोंदीत आवृत्त्यांचाच माग ठेवला आहे: चूक कुठल्या आवृत्तीत सापडली आणि कुठल्या आवृत्तीत दुरुस्त झाली, दोन्ही वेगळं. कारण तीच चूक अनस्टेबल शाखेत बरी झालेली असते आणि स्टेबलमध्ये जिवंत असते. नुसतं ‘बंद’ म्हणून तिथं भागतच नाही. शिवाय चूक ज्या नंबरनं नोंदली आहे तो नंबर पॅकेजच्या बदलनोंदीत लिहिलेला असला, की ते पॅकेज प्रत्यक्ष डेबियनच्या संग्रहात चढल्यावर चूक आपोआप बंद होते, आणि सोबत आवृत्तीचा आकडाही नोंदला जातो. कुणाच्या आठवणीवर नाही, की उत्साहावर नाही.

मॅनेजरनं तेच उचललं. नियोजनासाठी ‘लक्ष्य’ नावाचा वेगळा रकाना केला. प्रत्येक कमिटच्या मजकुरात तिकिटाचा नंबर हवाच. नसला तर कमिट परत येईल अशी सोय केली. पोरांनी आठवडाभर कुरकुर केली, मग सवय झाली. आणि बिल्ड मशीनला सांगितलं, की मागचा टॅग आणि नवा टॅग यांच्यामधले कमिट वाच, त्यातले नंबर गोळा कर, आणि इन्स्टॉलर बाहेर पडला की त्या तिकिटांना फिक्स व्हर्जन तूच लाव. त्या रकान्याला माणसानं हात लावायचा नाही. मॅनेजरनं तर नाहीच नाही.

६.४.१ निघालं तेव्हा रिलीज नोट चार ओळींची झाली. वर मॅनेजरनं एक परिच्छेद लिहिला: पुढील चार गोष्टी आम्ही ६.४ मध्ये दुरुस्त झाल्याचं कळवलं होतं, त्या ६.४ मध्ये नव्हत्या. आणि पुढील दोन बदल ६.४ मध्ये होते, ते कळवायचे राहिले. मालकांनी मसुदा वाचला आणि चष्मा काढला. ‘‘हे असं लिहून द्यायचं? आपण होऊन?’’

‘‘नाही लिहिलं तर क्लार्क हाताची नोंद बंद करणार नाहीत,’’ ताई म्हणाल्या. ‘‘आता आपल्या ‘दुरुस्त’वर कोण विश्वास ठेवतंय?’’

पत्र गेलं. एका कारखान्याच्या चेअरमननी फोनवर अर्धा तास फैलावर घेतलं, दोघा-तिघांनी नुसतं ‘मिळालं’ म्हणून कळवलं. गाळप चालू असताना काट्याला हात लावू द्यावा म्हणून आपला तो क्लार्क कुणाकुणाला भेटला असेल देव जाणे, पण त्याच्या कारखान्यानं ६.४.१ बसवून घेतलं आणि जुन्या पावत्या तपासून फरकाची बिलं काढली. भिंतीवरची पट्टी मात्र पहिल्यासारखी तुरुतुरु पळेना. रिलीजपर्यंत ती जागची हलायची नाही आणि मग एकदम उडी मारायची. मालकांना ते बरेच दिवस खटकत होतं.

पुढच्या दसऱ्याच्या आधी तोच डबल ट्रॉलीवाला पोरगा मॅनेजरच्या टेबलाशी घुटमळला.

‘‘सर, माझ्या तिकिटांना सात-शून्य लावून टाका ना. आज अप्रेझलची यादी जाणार आहे, आणि बिल्ड उद्या आहेच की.’’

‘‘मग उद्या लागेल.’’

‘‘आणि उद्या बिल्ड पडलं तर?’’

‘‘तर परवा लागेल,’’ मॅनेजर म्हणाला आणि त्याला घेऊन खाली चहाला गेला.