ओठ शिवला, कर्तव्य संपलं का?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥


दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन बाळ जन्मलं, की घरात पहिला प्रश्न येतो: ग्रहणात सुरी कोणी धरली? बोट आईकडे वळतं. दुसरा प्रश्न त्याहून जड: हे कोणत्या जन्मीचं भोगणं?

आपण प्रारब्ध मानतो. पण ते स्वतःचं दुःख सोसताना धीर देण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या कपाळावर मारायचा तो शिक्का नाही. साधारण ७०० बाळांत एकाला हा त्रास असतो. ओठ जुळतो तो गर्भाच्या दुसऱ्या महिन्यात, पुष्कळदा दिवस गेल्याचं नीट कळायच्या आत. मग सहाव्या महिन्यातल्या ग्रहणाचा नि चिरलेल्या भाजीचा संबंध कुठे आला? बहुतेक वेळा नेमकं एक कारण डॉक्टरांनाही दाखवता येत नाही. म्हणून ‘कोणामुळे’ सोडून ‘आता आपण काय करायचं’ हे धरावं.

खरी परीक्षा इथेच आहे. बाळ ३ ते ६ महिन्यांचं असताना ओठाचं ऑपरेशन होतं. चेहरा छान दिसतो, घर निर्धास्त होतं, आणि पुढच्या तारखा चुकू लागतात. पण टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांत शिवायची असते. कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येतं, ते तपासावं लागतं. बोलणं नाकातून येत असेल तर वाचा-उपचार. हिरडीत फट असेल तर ८-१० वर्षांच्या सुमारास तिथे हाड भरतात, मग दात सरळ करणं. सर्जन, दातांचे डॉक्टर, कान-नाक-घशाचे डॉक्टर, वाचा-उपचारतज्ज्ञ अशी अख्खी टीम लागते, तीही मूल मोठं होईपर्यंत.

मग मधेच थांबताना स्वतःला विचारावं: उपचार कोणासाठी केले? लोकांच्या नजरेसाठी, की लेकरासाठी? नजरेला ओठ दिसतो. हसतील म्हणून आरतीतही गप्प उभं राहणारं मूल दिसत नाही.

अडचणी खऱ्या आहेत. पैसा, रजा, लांबचा प्रवास. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाचा समावेश आहे, स्माइल ट्रेन ही संस्था अनेक रुग्णालयांत मोफत ऑपरेशन करवते. सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. उरलेला भार आपण वाटून घ्यायचा. अशा टीममध्ये ‘मी बरं केलं’ असं कुणा एकाला म्हणता येत नाही. रोज शब्दांचा सराव घेणारी आजी, तारखेला सोबत जाणारा काका, हेही त्या टीममधलेच. कर्तेपण सोडून सेवा करणं याहून वेगळं काय असतं?

तेव्हा आपल्यात कुणाकडे असं बाळ आलं, तर ‘बिचारं’ म्हणू नये. आधी पेढे मागावेत. मग विचारावं, पुढची तारीख कधी आहे, सोबत कोण येऊ?

॥ शुभं भवतु ॥