अक्षराला देह कोणी द्यायचा?

संगणकात साठवलेल्या मजकुरात अक्षरे नसतात, आकडे असतात. ‘ल’साठी युनिकोडने एक क्रमांक ठरवून दिला आहे आणि तो मराठी, हिंदी, संस्कृत या सगळ्यांना सामाईक आहे. त्या क्रमांकाला डोळ्यांपुढे उभे करतो तो फॉन्ट. म्हणून डेस्कटॉपवर चालणारे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याला ठरवावे लागते की सोबत फॉन्ट पाठवायचा, की वापरणाऱ्याच्या यंत्रात जो असेल त्यावर सोडून द्यायचे. या निर्णयाकडे फाइलच्या आकाराचा आणि सोयीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. मला तो आपल्या व्याकरणकारांनी फार पूर्वी हाताळलेला प्रश्न वाटतो: शब्द ज्यातून प्रकट होतो ते माध्यम शब्दाचा भाग आहे, की नुसते वरचे आवरण?

पतंजलीने महाभाष्यात स्फोट, म्हणजे शब्दाचे न बदलणारे रूप, आणि ते प्रकट करणारा ध्वनी यांत भेद केला. भेरीवर टोला पडला की एकीचा नाद वीस पावले जातो, दुसरीचा चाळीस. वाढ ध्वनीची, स्फोट तेवढाच, हा त्याचा दाखला. एवढ्यावर थांबलो तर फॉन्टला फारसे महत्त्व उरत नाही. पण भर्तृहरी वाक्यपदीयात पुढे जातो आणि ध्वनीतच दोन थर पाडतो. प्राकृत ध्वनी म्हणजे ज्याच्यावाचून शब्द कळणारच नाही तो. ऱ्हस्व-दीर्घ याच थरात ठरते. वैकृत ध्वनी त्यानंतरचा. म्हणणारा भरभर म्हणो वा सावकाश, शब्द तोच राहतो. स्फोट न मानणारे मीमांसक वर्णालाच नित्य मानतात, पण व्यंजक ध्वनीवाचून वर्णाचे ज्ञान होते असे तेही म्हणत नाहीत. अव्यक्ताला कितीही मोठे स्थान दिले तरी प्रकट करणाऱ्याचे काम शिल्लक राहतेच. हाच भेद लिपीला लावून पाहावा असे मला वाटते. अक्षराच्या रूपातही एक प्राकृत थर असतो आणि एक वैकृत. सॉफ्टवेअर करणाऱ्याचे कर्तव्य पहिल्या थरापुरते आहे, पण तिथे त्याला ते टाळता येत नाही.

मराठीतच याचा पुरावा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यास’ दिलेली दक्षिणा गुरूला पोचते, ‘आचाऱ्यास’ दिलेली स्वयंपाक्याला. युनिकोडमध्ये हा भेद नोंदवण्याची सोय आहे. तरीही यंत्रातल्या फॉन्टला ऱ्याची ती आडवी रेघ काढता येत नसेल, तर पडद्यावर नुक्ता आणि हलन्त घेतलेला तुटका ‘र’ येतो, किंवा अक्षराच्या जागी नुसता चौकोन. लिहिणाऱ्याने बरोबर लिहिले, साठवणुकीत काही चुकले नाही, आणि वाचणाऱ्याला शब्द मिळाला नाही. याला शब्द पोचला असे म्हणता येणार नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांची गोष्ट अधिक नाजूक आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना या दोन अक्षरांची मराठी वळणे निश्चित केली, पण युनिकोडमध्ये मराठी वळणाला वेगळा क्रमांक नाही. म्हणजे हे प्रमाण मजकुरात कुठेच नोंदलेले नसते. ते फक्त फॉन्टमध्ये राहते. हिंदी वळणाचा ‘ल’ मराठी माणूस अडखळल्याशिवाय वाचतो, मग हा वैकृत थर नव्हे काय? सराईत वाचकापुरते ते खरे आहे. अक्षर गिरवायला शिकणाऱ्या मुलाला मात्र रूप हेच ज्ञान असते. त्याच्यासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरने वळण नशिबावर सोडले, तर जे शिकवायचे तेच हातून सुटते.

अद्वैताच्या बाजूने आक्षेप येईल. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो की घडे अनेक असले तरी सत्य माती. मग रूपाचा एवढा आग्रह कशाला? पण त्याच उपदेशात मातीचा एक गोळा जाणला की मातीचे सारे कळते असे म्हटले आहे, आणि तो गोळाही आकारातच हाती येतो. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: फॉन्ट सोबत देणे म्हणजे वाचकावर आपली आवड लादणे. मंद दृष्टीच्या माणसाला ठळक, मोकळे अक्षर लागते. त्याने ते का निवडू नये? जरूर निवडावे. जाडी, आकार, ठेवण हा वैकृत थर आहे आणि त्यावर हक्क वाचकाचा. सोबतचा फॉन्ट आधार म्हणून असावा, सक्ती म्हणून नव्हे. विंडोजमध्ये तो केवळ त्या प्रोग्रॅमपुरता उघडता येतो, बाकीच्या यंत्राला धक्का लागत नाही. देवनागरी फॉन्टचे ओझेही बहुधा काहीशे किलोबाइटचे असते.

युनिकोडपूर्व काळाची आठवण कोणी करून देईल, आणि ती द्यायलाच हवी. तेव्हाच्या अनेक मराठी फॉन्टांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेल्या होत्या. फॉन्ट गेला की लेख म्हणजे रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग. तिथे देहालाच आत्मा मानले गेले होते, आणि त्यात अडकलेला मजकूर सोडवण्याचे काम आजही चालू आहे. मी मागतो ते याच्या उलट आहे: अर्थ क्रमांकात सुरक्षित राहावा, आणि तो प्रकट होण्याची हमी पाठवणाऱ्याने घ्यावी. ही हमी दुसऱ्याच्या श्रमांवर डल्ला मारून देता येत नाही. र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल हा फॉन्ट विंडोजसोबत येतो म्हणून तो उचलून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालण्याची मुभा मिळत नाही. अस्तेय इथेही लागू आहे. त्यासाठी एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखालचे फॉन्ट आहेत. ते विकाऊ सॉफ्टवेअरसोबतही देता येतात, मात्र परवान्याचा मजकूर बरोबर ठेवावा लागतो आणि फॉन्ट एकटा विकता येत नाही. कर्त्याने नाव राखून ठेवले असेल, तर रूप बदलणाऱ्याने नावही बदलायचे. हे बंधन मला न्याय्य वाटते.

एवढे करूनही काम अर्धेच होते. मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे पोटात असलेले फॉन्ट आता आहेत, पण समोरचा मजकूर मराठी आहे हे त्यांना प्रोग्रॅमने सांगावे लागते. न सांगितल्यास ठरीव वळण येते, आणि ते बहुधा हिंदी असते. मग मराठी पुस्तकात उद्धृत केलेल्या संस्कृत श्लोकाचा ‘ल’ कोणत्या वळणाचा? माझ्या मते मराठीच. श्लोक संस्कृत असला तरी तो ज्याच्यापुढे प्रकट व्हायचा आहे तो वाचक मराठी आहे, आणि प्राकृत थर ठरतो तो ग्रहण करणाऱ्याच्या गरजेवरून.